आमचा नंदी

(मंडळाच्या निधिसंकलन कार्यक्रमात आम्ही उभयतांनी केलेले भाषण. वेळेची घंटा वाजल्यामुळे जे राहून गेले, तेही इथे घातले आहे.)



खरे सांगायचे तर माइकसमोर उभे राहायची आम्हा दोघांना सवय नाही. गणेशोत्सवात आमची ठरलेली जागा म्हणजे महाप्रसादाची पंगत आणि हातात वरणाची बादली. पण यंदा कार्यकारिणीतून फोन आला, "तुमच्या त्या घोड्याबद्दल बोला की दहा मिनिटं!" आता ज्याला तुम्ही सगळे घोडा म्हणत होतात तो कुत्रा होता. ग्रेट डेन जातीचा. खांद्यापाशी उंची ८४ सेंटीमीटर, वजन ६२ किलो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या दिवाळीच्या फोटोंत तो मागे उभा आहे, आणि तिकडे भारतात फोटो बघणाऱ्या नातेवाइकांनी "हे वासरू कुणाचं?" असे विचारल्याचेही आमच्या कानावर आले आहे.

तो आमच्याकडे आला जून २०२० मध्ये. ते दिवस तुम्हाला वेगळे सांगायला नकोत. मे महिन्यात 'वंदे भारत'ची विमाने सुरू झाली होती आणि मिरदिफमधल्या आमच्या गल्लीत दर आठवड्याला एखाद्या घराबाहेर खोकी दिसायला लागली होती. कुणाची नोकरी गेलेली, कुणाचा पगार निम्म्यावर आलेला. एका सकाळी व्हॉट्सॲपवर निरोप आला : ग्रेट डेन, नर, वय दोन वर्षे, चांगल्या घरी मोफत द्यायचा आहे, आम्ही गुरुवारी निघतो. आम्ही फक्त बघायला गेलो होतो, बरं का. 'फक्त बघायला' जाऊन मंडळी काय काय घेऊन येतात हे दुबई मॉलला जाणाऱ्यांना आम्ही काय सांगावे!

रिकाम्या हॉलमध्ये खोक्यांच्या मधोमध तो उभा होता. जवळजवळ पांढराशुभ्र, एका कानावर आणि पाठीवर काळे डाग. शेपटी हलवत आला, आमच्यापैकी एकीच्या मांडीला टेकला आणि सगळा भार सोडून दिला. माणसाला असे टेकून उभे राहणे ही या जातीची खोडच आहे, हे पुढे कळले. त्या वेळी आम्हाला वाटले, हा आपल्यालाच सांगतोय. घरमालकांनी लसीकरणाचे पुस्तक आणि खाण्याची अर्धी पिशवी हातात दिली आणि म्हणाले, "स्वभावानं गरीब आहे. फक्त हट्टी आहे. हाक मारली तरी येत नाही." त्यांची धाकटी मुलगी आतल्या खोलीतून बाहेर आलीच नाही.

आमच्या घरी त्या वेळी आई होत्या. आमच्यापैकी एकाची आई, एकीच्या सासूबाई. फेब्रुवारीत महिनाभरासाठी म्हणून सांगली जिल्ह्यातून आलेल्या आणि विमाने बंद झाल्यामुळे इथेच अडकलेल्या. दारात उभ्या राहून त्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळले आणि म्हणाल्या, "हे कुत्रं न्हवं. ह्यो नंदीबैल हाय." त्याचे आधीचे नाव काहीतरी भारदस्त इंग्रजी होते. त्या क्षणापासून तो नंदी झाला. नाव बदलल्याची त्याने काही तक्रारही केली नाही. ती का केली नाही, ते पुढे येईलच.

आता थोडे या जातीविषयी, कारण आम्हालाही तेव्हा काही माहीत नव्हते. ग्रेट डेनचा डेन्मार्कशी काही संबंध नाही. बोंबलाला इंग्रज लोक 'बॉम्बे डक' म्हणतात, पण त्यात बदक कुठे असते? त्यातलाच हा प्रकार. कुत्रा जर्मन. अठराव्या शतकात फ्रेंच निसर्गअभ्यासक ब्यूफाँ यांनी त्याला 'मोठा डॅनिश' म्हटले आणि इंग्रजीत तेच चिकटून बसले. जर्मन लोकांनी १८८० मध्ये बर्लिनला बैठक घेऊन त्याचे नाव 'डॉइश डॉगं', म्हणजे जर्मन डॉग असे ठरवून टाकले, पण जगाने काही ऐकले नाही. मूळ काम रानडुकराच्या शिकारीचे. सुळे असलेल्या रानडुकराला धरून ठेवायचे, मागून शिकारी येईपर्यंत. डुकराने कान फाडू नयेत म्हणून कान कापायची प्रथा पडली. शिकार गेली, वाड्यांची राखण आली, तरी कान कापणे चालूच राहिले. खुद्द जर्मनीत त्यावर बंदी आली ती १९८७ मध्ये. नंदीचे कान शाबूत होते, चांगले लोंबणारे. ते वाऱ्यावर उडायला लागले की तो अजिबात शिकारी वाटत नसे.

या जातीचे पिल्लू जन्मते साधारण अर्ध्या किलोचे आणि वर्षभरात पन्नास किलोंच्या घरात जाते. म्हणजे शंभरपट. आपले बाळ वर्षाचे होईपर्यंत तिप्पट होते आणि आपण त्याचे कोण कौतुक करतो! एवढ्या वेगाने वाढणाऱ्या हाडांना घाई सोसत नाही. म्हणून पिल्लूपणी त्याला जास्त खाऊ घालून लठ्ठ करायचे नसते, वरून कॅल्शियमच्या गोळ्याही द्यायच्या नसतात आणि जिने चढायला, उड्या मारायला लावायचे नसते. आपल्याकडचा 'खाऊ दे रे, वाढतं वय आहे' हा न्याय इथे उलटा लागू पडतो. आणि आयुष्य? सात ते दहा वर्षे. सर्वांत उंच कुत्रा म्हणून गिनेसमध्ये नोंद झालेला अमेरिकेतला झ्यूस १११.८ सेंटीमीटर उंच होता. तो २०१४ मध्ये गेला, पुरता सहा वर्षांचाही झाला नव्हता. हे सगळे आम्ही नंदी घरी आल्यावर वाचले. आधी वाचायला हवे होते.

पहिले दोन आठवडे आम्हीही त्याला हट्टीच समजत होतो. "नंदी, इकडे ये" म्हटले तर ढिम्म. रागावले तर तोंडाकडे बघून शेपटी हलवायचा. ती शेपटी म्हणजे सोटाच. टीपॉयवरचे चहाचे कप तिने कितीदा साफ केले, मोजदाद नाही. भिंतीवर आपटून आपटून तिच्या टोकातून रक्त यायचे आणि हॉलभर शिंतोडे. हाही या जातीचा नेहमीचा आजार. बरा करणे महाकठीण, कारण आनंदाला बँडेज बांधता येत नाही.

खरी गोष्ट ओळखली आईंनी. एका दुपारी त्या स्वयंपाकघरात होत्या आणि नंदी ओट्याजवळच्या गार फरशीवर आडवा पडला होता. कुकरची शिट्टी झाली. एक, दोन, तीन. आई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अगं, तीन शिट्ट्या झाल्या. मी दचकले. ह्याचा कानसुद्धा हलला नाही. ह्याला ऐकू येत नाही." आम्ही हसलो. मग त्याच्या मागे उभे राहून ताट वाजवले, पातेले आपटले, दाराची बेल वाजवली. नंदी शांतपणे घोरत होता.

डॉक्टरांनी तपासून तेच सांगितले. बहिरेपण जन्मापासूनचे. कारण सांगितले ते ऐकून आम्ही गप्प झालो. पांढऱ्या अंगावर काळे तुकडे असलेल्या ग्रेट डेनला 'हार्लेक्विन' म्हणतात, ते दिसायला फार देखणे असतात. पण त्या रंगामागे जे जनुक आहे ते आई आणि वडील दोघांकडूनही आले, तर पिल्लू जवळजवळ संपूर्ण पांढरे होते. आणि अंगाला रंग देणाऱ्या ज्या पेशी असतात, त्याच पेशी कानाच्या आतल्या भागातही लागतात. त्या नसतील तर जन्मानंतर थोड्याच दिवसांत ऐकण्याची शक्ती कायमची जाते. कधी कधी डोळेही अधू होतात. असे दोन कुत्रे एकत्र आणले तर सरासरी चारांतले एक पिल्लू असे निघते, हे पैदास करणाऱ्याला माहीत असायलाच हवे. देखण्या रंगाच्या हौसेपायी कुणीतरी ते केले होते आणि 'दुर्मीळ पांढरा' म्हणून त्या कुटुंबाच्या गळ्यात मारले होते. त्या बिचाऱ्यांनी दोन वर्षे त्याला हट्टी म्हटले. आम्ही दोन आठवडे.

त्यानंतर घरात खाणाखुणांची शाळा सुरू झाली. तळहात खाली, बस. बोट जमिनीकडे, आडवा हो. अंगठा वर, शाब्बास. अंगणात असला तर टॉर्चचा उजेड त्याच्यापुढच्या भिंतीवर दोनदा पाडायचा, म्हणजे घरात ये. जवळ असेल तर पाय आपटायचा, फरशीतून त्याला कळत असे. एक गोष्ट मात्र जपावी लागे. बहिऱ्या कुत्र्याला झोपेत एकदम हात लावायचा नाही. तो दचकतो, आणि एवढ्या जबड्याचा कुत्रा दचकलेला बरा नाही. त्याच्या नाकासमोर हात धरायचा आणि वास पोचू द्यायचा. आईंच्या हाताला कायम हिंगाचा वास. त्यांनी नुसता हात पुढे केला की डोळे मिटलेलेच असताना शेपटी सुरू व्हायची. दारावर येणाऱ्या नंदीबैलवाल्याच्या खुणेवर बैल मान डोलावतो ना, तसा आमचा नंदी आईंच्या बोटावर मान हलवायला शिकला. 'पाऊस पडेल का?' विचारले की हो म्हणायचा. दुबईत!

आईंचे माहेर आटपाडीकडचे. लहानपणी धनगरांच्या वाड्यावरची कुत्री त्यांनी पाहिलेली. मेंढरांच्या कुत्र्याला तिथे कुणी कुरवाळत बसत नाही, पण भाकरीचा तुकडा त्याला चुकत नाही, असे त्या सांगायच्या. "कुत्र्याला काम पायजे. काम नसलं की ते खोड्या काढतं, मग ते नंदीएवढं असू दे नाहीतर उंदराएवढं." त्यांनी त्याला काम लावले. सकाळी त्या अंगणात तुळशीला पाणी घालायला जायच्या तेव्हा फाटकाशी उभे राहायचे, त्या घरात येईपर्यंत हलायचे नाही. तो उभा राही. तोंडाने भुंकून राखण करणे त्याला जमण्यासारखे नव्हते, पण फाटकापाशी एवढे धूड उभे दिसले की कुरिअरवाला पाकीट भिंतीवरूनच द्यायचा. त्याच ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये मुधोळच्या कुत्र्यांचे कौतुक केले. आपल्याकडे त्याच घराण्याच्या कुत्र्याला कारवान म्हणतात. आईंनी टीव्हीकडे बोट दाखवले आणि नंदीला म्हणाल्या, "बघ, शीक जरा." आई ऑक्टोबरमध्ये परत गेल्या. फाटकापाशी उभे राहण्याचे काम त्याने पुढेही सोडले नाही. तुळशीला पाणी कुणीही घालो.

या देशात एवढा कुत्रा पाळायचा म्हणजे पहिला प्रश्न उन्हाचा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून, जिभेवरून वाफ घालवून तो गार होतो. ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट हवेत ती वाफ जातच नाही. त्यात शरीर मोठे. उकडलेले बटाटे आणि अख्खा सुरण एकदम चुलीवरून उतरवा. बटाटे निवून भाजी होते तरी सुरण आत गरमच असतो. तसे हे. आम्ही मे ते सप्टेंबर पहाटे साडेचारला त्याला फिरवायचो आणि रात्री नऊनंतर. निघण्यापूर्वी आपला हात पालथा करून रस्त्यावर सात सेकंद टेकवायचा. टेकवेना तर कुत्र्याचे पायही टिकणार नाहीत. रात्री दहालासुद्धा डांबर तापलेले असते, हे आम्हाला नंदीमुळे कळले. गाडीतून उतरून मॉलमध्ये शिरणाऱ्याला ते कसे कळावे? त्याच्यासाठी एका खोलीचा एसी दिवसभर चालू असायचा. दिवाचे बिल बघून आमच्यापैकी एकाने (कोण ते सांगत नाही) एकदा म्हटले होते, "आपण नंदीच्या खोलीत राहायला जाऊ."

दुसरा प्रश्न माणसांचा. नियम स्वच्छ आहेत : महापालिकेची नोंदणी, अंगात चिप, दरवर्षी रेबीजची लस, बाहेर कायम साखळी. २०१६ च्या फेडरल कायद्यानंतर पिटबुल, टोसा, मॅस्टिफ अशा काही जाती तर पाळताच येत नाहीत. बहुतेक बागा आणि किनारे कुत्र्यांना बंद. पण नियमांपलीकडचेही काही असते. अनेक शेजाऱ्यांना धर्माप्रमाणे कुत्र्याची लाळ लागली तर पुन्हा शुद्ध व्हावे लागते. नमाजाला निघालेल्या माणसाला नंदीने प्रेमाने टेकणे म्हणजे त्याची पंचाईत. आम्ही समोरून कुणी आले की रस्ता ओलांडायचो आणि नंदीला 'बस'ची खूण करायचो. एवढे केल्यावर तक्रार कुणाची आली नाही; उलट गल्लीतले एक वयस्कर अमिराती गृहस्थ रोज लांब उभे राहून त्याची चौकशी करू लागले. त्यांच्या वडिलांकडे सलुकी होते. बेदू लोक सलुकीला इतर कुत्र्यांत धरत नाहीत. तंबूत घेतात, आणि शिकारीला जाताना वाळूने पाय भाजू नयेत म्हणून उंटावर बसवून नेत असत. अबुधाबीत सलुकींसाठी वेगळे केंद्रच आहे. आम्ही त्यांना कारवान कुत्र्याचा फोटो दाखवला. बराच वेळ बघून म्हणाले, "हा तर आमचाच." आमच्याकडचेही लोक तेच म्हणतात, की हा व्यापाऱ्यांच्या, सैन्यांच्या तांड्यांबरोबर तिकडून आला. मग नंदीकडे बघून त्यांनी विचारले, "आणि हा? ह्याला उंटावर कसा बसवणार?"

आता जे सांगायला अवघड आहे, ते.

४ नोव्हेंबर २०२१, लक्ष्मीपूजन. तुमच्यापैकी काही जण त्या संध्याकाळी आमच्याकडे होतात. नंदीने सातच्या सुमारास नेहमीचे जेवण एका दमात संपवले आणि मग मुलांबरोबर अंगणात धावाधाव केली. नऊ वाजता तो अस्वस्थ झाला. बसेना, उठेना. उलटी करायला मान खाली घालायचा आणि नुसता फेस यायचा. पोट ताणलेले होते. आम्ही काय केले? आम्ही म्हटले, गॅस झाला असेल. ओव्याचे पाणी केले. ते तो पिईना, म्हणून थोडे थांबलो. पाहुणे होते, फराळ चालू होता. पाऊण तास गेला. मग पोटावर टिचकी मारली तर ढोलकीसारखा आवाज आला, आणि हिरड्या पांढऱ्या पडलेल्या दिसल्या.

हा या जातीचा सर्वांत मोठा शत्रू. छाती खोल असते, आत जठराला हलायला जागा फार. ते वायूने फुगते आणि स्वतःभोवती पीळ घेते. वरचे तोंड बंद, खालचे तोंड बंद. ना उलटी होते, ना काही पुढे सरकते. फुगलेले पोट हृदयाकडे रक्त नेणारी मोठी शीर दाबते. काही तासांत कुत्रा जातो. आणि त्याची खूण एकच लक्षात ठेवा : उलटीचा प्रयत्न करतो पण काही पडत नाही. त्यावर घरगुती उपाय नाही. ओवा नाही, हिंग नाही, सोडा नाही. गाडी काढायची.

दोन जणांनी चादरीत उचलून त्याला गाडीत घातले. रात्री उघडे असणारे जनावरांचे हॉस्पिटल गाठेपर्यंत त्याचे डोके मांडीवर होते आणि आम्ही अंगठा वर करून दाखवत होतो. दुसरे काय बोलणार? ऑपरेशन झाले. पीळ सोडवला आणि जठर आतून पोटाच्या भिंतीला टाचले, म्हणजे पुन्हा फिरणार नाही. हे टाचणे या जातीत आधीच, तरुणपणी करून घेता येते, हे आम्हाला त्या रात्री दीड वाजता कळले. बिल पाहून दिवाळीचा बोनस कुठे गेला ते विचारू नका. डॉक्टर एवढेच म्हणाले, "अजून अर्धा तास उशीर झाला असता तर मी फोनवर सांत्वन केलं असतं." तो पाऊण तास आम्ही आजही मोजतो.

त्याआधी आम्ही त्याची वाटी उंच स्टँडवर ठेवत होतो. मोठ्या कुत्र्याला ते बरे, असे सगळे सांगत. अमेरिकेतल्या परड्यू विद्यापीठाने २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र उंचावरून खाणाऱ्या मोठ्या कुत्र्यांत हा धोका उलट वाढलेला दिसला होता. स्टँड गेले. जेवणाचे तीन भाग झाले, आणि जेवणानंतर तासभर सक्तीची वामकुक्षी.

एक गोष्ट घंटेमुळे सांगायची राहिली होती, ती इथे. दक्षिण आफ्रिकेत सायमन्स टाउनला 'जस्ट न्युसन्स' नावाचा ग्रेट डेन होता. खलाशांबरोबर तो आगगाडीतून फुकट फिरायचा. रेल्वेवाले इतके वैतागले की त्याला मारायची भाषा करू लागले. तेव्हा १९३९ मध्ये नौदलाने त्याला चक्क खलाशी म्हणून भरती करून घेतले, म्हणजे प्रवासाचा पास आपोआप मिळाला! १ एप्रिल १९४४ रोजी, त्याच्या सातव्या वाढदिवशी त्याला कायमचे झोपवावे लागले. त्याला लष्करी मानवंदना दिली गेली. ही गोष्ट आम्ही नंदीच्या ऑपरेशननंतर वाचली तेव्हा खूप हसलो होतो. वाढदिवसाच्या तारखेकडे तेव्हा लक्ष गेले नाही.

२०२३ च्या उन्हाळ्यात आमच्यापैकी एकाची नोकरी गेली. पुण्याला एक चांगली जागा समोर होती. आमचे जवळजवळ ठरलेच होते. सलग दोन वर्षे परदेशी राहून कायमचे परतणाऱ्याला पाळीव प्राणी भारतात नेता येतो. ना-हरकत, दाखले, लसी, सगळे करता येते. पण इथून जायचे ते विमानाच्या कार्गोतून. पिंजरा असा हवा की आत जनावराला ताठ उभे राहता आणि वळता आले पाहिजे. नंदीच्या मापाचा तयार पिंजरा मिळेना. अल कुझमधल्या एका सुताराकडून करून घेतला. तो घरी आला तेव्हा हॉलमध्ये गोदरेजचे कपाट आडवे ठेवल्यासारखे वाटले. नंदीला सवय व्हावी म्हणून आम्ही आत गादी घातली. त्याला तो इतका आवडला की रात्री तो तिथेच झोपायला लागला.

डॉक्टरांनी कागद बघितले आणि म्हणाले, पाच वर्षांचा आहे, म्हणजे या जातीत उतारवय; ऐकू येत नाही; भर उन्हात विमानतळावर किती वेळ थांबावे लागेल ते हातात नाही. नेता येईल, पण मी खात्री देणार नाही. त्या रात्री आम्ही दोघे त्या पिंजऱ्याशेजारी जमिनीवर बसलो होतो आणि पहिल्यांदा ते कुटुंब आठवले. तीन वर्षे आम्ही त्यांच्याबद्दल काय काय बोललो होतो! 'टाकून गेले' हा शब्द आमच्या घरात रोजचा होता. तुमच्यासमोरही आम्ही तो वापरला असेल. आता आमच्या हातात तसेच कागद होते आणि आमच्याही डोक्यात 'चांगल्या घरी मोफत' हे शब्द येऊन गेले. येऊन गेले, खोटे कशाला बोलायचे?

आम्ही राहिलो. दुसऱ्याच्या व्हिसावर, कमी पगाराची नोकरी धरून, पाहुण्यांची खोली भाड्याने देऊन. यात मोठेपणा काही नाही. आमच्यापैकी एकीची नोकरी शाबूत होती म्हणून जमले. त्या कुटुंबात दोघांचीही गेली होती, हे आम्हाला नंतर त्यांच्याचकडून कळले. कारण त्या आठवड्यात आम्ही त्यांना शोधून फोटो पाठवला. खाली लिहिले, तो हट्टी नाही, बहिरा आहे. मग खाणाखुणांचा एक व्हिडिओ पाठवला. उत्तर त्या मुलीचे आले. ती आता कॉलेजात आहे. तिने एकच विचारले, "तो रात्री माझ्या पलंगाखाली पाय ठेवून झोपायचा, ते पलंग हलला की कळावं म्हणून का?" आम्हाला तसेच वाटते, असे कळवले.

फेब्रुवारी २०२५ मध्ये तो पुढच्या उजव्या पायाने लंगडू लागला. मनगटाच्या वर सूज होती. एक्स-रे काढला, हाडाचा कर्करोग. मोठ्या जातींत तो नेमका याच जागी जास्त आढळतो. पाय काढायचा आणि औषधे द्यायची, हा एक मार्ग होता. तीन पायांवर ६२ किलो, तेही सातव्या वर्षी, हे आम्हाला आणि डॉक्टरांनाही पटेना. वेदना कमी करणाऱ्या गोळ्या दिल्या, फिरणे फाटकापर्यंत आणले. एप्रिलच्या एका सकाळी त्याने फाटकापाशी उभे राहायचा प्रयत्न केला आणि बसला. तो आपणहून कामावर बसला असे त्याआधी कधी झाले नव्हते. डॉक्टर घरी आले. आईंना व्हिडिओ कॉल लावला होता. शेवटी त्या तिकडून म्हणाल्या, "हात नाकाशी धरा त्याच्या." आमच्या हाताला हिंग नव्हते. एकजण आत जाऊन डबा घेऊन आली.

कार्यक्रमात प्रश्नोत्तरांत तीन जणांनी विचारले, आता दुसरा आणणार का? नाही. आमची इथली आता चार-पाच वर्षे राहिली आणि असा कुत्रा सात-आठ वर्षे मागतो. एवढे गणित आम्हाला आता येते. शनिवारी सकाळी आम्ही प्राण्यांच्या आश्रयस्थानात जाऊन तिथली कुत्री फिरवून आणतो. तिथे सलुकी असतात, हस्की असतात, आणि उन्हाळा सुरू झाला की त्यांची संख्या वाढते. कुणाला यायचे असेल तर सहाला मिरदिफहून निघतो, गाडीत दोन जागा आहेत. पायांत बूट हवेत, सँडल नकोत.

आणि हो, तो पिंजरा अजून आमच्या अंगणात आहे. चांगल्या प्लायवूडचा, जाळी पक्की, एकदाही विमानात न गेलेला. मंडळातल्या कुणाला मोठा कुत्रा घेऊन परतायचे असेल तर फुकट न्या. फक्त येताना पिकअप आणा. कारमध्ये मावत नाही.